आम्ही त्याला पित्त म्हणायचो

२०१२ च्या जुलैपर्यंत मला सलग चार महिने पाळी आली नव्हती. मी १९ वर्षांची होते, पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी कराडला आले तेव्हा आईनं मला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. बाई म्हणाल्या, "पीसीओडी आहे, घाबरायचं कारण नाही." म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून अंडाशयातलं बीज वेळेवर न सुटणं. मग मला बाहेर वजनकाट्यावर पाठवलं. परत आत आले तेव्हा चिठ्ठी लिहून तयार होती. आधी पाळी आणायला दहा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या. पाळी आली की दुसरं पाकीट सुरू करायचं, २१ दिवस रोज रात्री एक गोळी, मग ७ दिवस थांबायचं, पुन्हा नवं पाकीट. "पाळी नियमित करायच्या गोळ्या आहेत," एवढंच बाईंनी मला सांगितलं.

गोळ्यांनी काम केलं. थांबले की तिसऱ्या दिवशी पाळी यायचीच. हनुवटीवरचे फोड गेले. आठ महिने मी त्या न चुकता घेतल्या आणि बरी झाले असं समजून चालले.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत बी.फार्म. करणारी मैत्रीण होती. मार्चमध्ये परीक्षेच्या तयारीत कंटाळून तिनं टेबलावरचं माझं पाकीट उचललं आणि आतला तो घड्या घातलेला पातळ कागद उलगडला. कागद इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. तिनं वरच्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाली, "अगं, तुला माहीत आहे ना ही गर्भनिरोधक गोळी आहे?"

मला माहीत नव्हतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी नंतर अनेकदा आठवून पाहिलंय. लाज नव्हती ती. माझ्या शरीरात रोज रात्री काहीतरी जात होतं, त्याला एक नाव होतं, आणि ते नाव माझ्यापासून लपवलं गेलं होतं, याचा तो धक्का होता. मी आईला फोन केला. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं मला. तू वजन करायला गेली होतीस तेव्हा. मीच म्हटलं, तिला नका सांगू, लग्न व्हायचंय अजून, उगीच डोक्यात काही यायला नको."

म्हणजे मी बाहेर काट्यावर उभी होते तेवढ्या दोन मिनिटांत हे ठरलं होतं. माझ्याकडे मतदार ओळखपत्र होतं, बँकेत माझ्या सहीचं खातं होतं. मला मत देता येत होतं, पण मी कोणतं औषध घेते ते मला कळणं धोक्याचं होतं. आईवरचा राग पुढे ओसरला, तिच्या काळजीचं मूळ मला ठाऊक आहे. डॉक्टरांवरचा मात्र अजून पुरता गेलेला नाही. आईनं विनंती केली तरी पेशंट मी होते.

मैत्रिणीनं त्या रात्री मला गोळीचं काम समजावून सांगितलं. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, तिच्यात तरंगता बॉल. पाणी भरलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. ती म्हणाली, शरीरात असंच आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती रक्तातल्या हार्मोनची पातळी बघत असते. पातळी कमी दिसली की ती अंडाशयाला निरोप धाडते, "बीज पिकव." बीज पिकतं आणि महिन्याच्या मध्यावर निरोपाचा एक मोठा लोंढा येतो, त्यानं ते बाहेर पडतं. गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची कृत्रिम रूपं असतात. रोज थोडी थोडी पोटात गेली की ग्रंथीला टाकी भरलेली दिसते. ती निरोपच पाठवत नाही, लोंढा येत नाही, बीज सुटत नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो तो घट्ट होतो, शुक्रजंतूंना वाट मिळत नाही. आणि पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं.

"मग मला पाळी येते ती?"

"ती पाळी नाही. सात दिवस हार्मोन थांबलं म्हणून ते पातळ अस्तर सुटून येतं. तुझी पाळी सुधारली की नाही, हे त्यावरून कळतच नाही."

मी रागाच्या भरात त्याच रात्री गोळी बंद केली, पाकीट अर्धं असताना. दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू झाला. मी घाबरले, कारण असं होईल हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंतर तीन महिने काहीच नाही. पीसीओडी होती तिथेच होती. गोळीनं तिला झाकून ठेवलं होतं.

इथे एक गोष्ट न्यायानं लिहायला हवी, कारण मला ती बऱ्याच उशिरा कळली. गोळी देणं चूक नव्हतं. पीसीओडीत महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते घातक ठरू शकतं. गोळी त्या अस्तराला आवर घालते. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही गोळी घेणाऱ्यांत कमी होतो, हे पक्कं ठरलेलं आहे. हे सगळं पाच वाक्यांत सांगता आलं असतं आणि मी ती गोळी समजून-उमजून घेतली असती. न सांगितल्यामुळे मी ती फेकून दिली.

त्याच वर्षी सप्टेंबरात गौरी-गणपतीला घरी गेले. पाळीचा भरवसा नाही म्हणून आईच्या जिवाला घोर. चुलतीनं गल्लीच्या टोकाच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, दिवसातून तीन वेळा घ्यायच्या. आमच्याकडे ही गोष्ट इतकी रुळलेली आहे की त्याला कुणी औषध म्हणतच नाही. सणावाराच्या आधी मेडिकलवाला "किती दिवसांच्या देऊ?" एवढंच विचारतो. ती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची. ती प्रोजेस्टेरॉनच्या जातीची. जोवर घेताय तोवर अस्तर धरून ठेवते, थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशी घेतलेली ती गर्भनिरोधक म्हणून भरवशाची नाही, हे पुढे मी ऑफिसातल्या दोघींना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. आणि आणखी एक, त्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणजे ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांनी ही गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

गौरी जेवणाच्या दिवशी मी पुरणपोळ्या लाटत होते आणि डाव्या बाजूला ते सुरू झालं. डोळ्यांपुढे एक चकाकणारी नागमोडी रेघ, पत्र्यावर दुपारचं ऊन पडावं तशी. ती हळूहळू पसरत जाते. समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा गायब होतो, पुस्तक उघडलं तर ओळीतली मधली अक्षरं दिसत नाहीत. वीसेक मिनिटांत ती विरते आणि मग उजव्या कपाळात घण बसायला लागतात, उलटी होईपर्यंत. बारावीपासून वर्षात तीन-चारदा हे व्हायचं. घरी सगळे म्हणायचे, पित्त झालंय. उपाशी राहिलीस, जागरण केलंस, उन्हात गेलीस. सूतशेखरची मात्रा मिळायची, कोकमाचं सरबत मिळायचं, अंधाऱ्या खोलीत झोपवायचे. आजीलाही असंच व्हायचं, तिलाही पित्तच होतं. त्या दिवशीही पित्तच झालं.

डिसेंबर २०१७ मध्ये माझं लग्न झालं. सासर वाळवा तालुक्यातलं, नवरा साखर कारखान्यात हिशेबाला. दोन वर्षं मूल नको हे आमचं दोघांचं ठरलेलं. त्यानं मेडिकलमधून माला-डी आणली. त्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्राडिओल, आणि शेवटच्या ७ गडद रंगाच्या, लोहाच्या. सरकारी दवाखान्यात हीच गोळी माला-एन नावानं फुकट मिळते. या वेळी निदान काय घेतेय ते मला माहीत होतं. बाकी मेडिकलवाल्यानं काही विचारलं नाही, त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती. मध्ये एकदा गावातल्या एका डॉक्टरांना अंगावर पुरळ आलं म्हणून दाखवायला गेले, तेव्हा गोळ्या चालू आहेत हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मायग्रेन वगैरे?" मी म्हटलं, "नाही." मी खोटं बोलले नव्हते. माझ्या घरात मायग्रेन कुणालाच नव्हतं. आम्हाला पित्त होतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी जाऊबाईंबरोबर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेले होते, त्यांच्या तान्ह्या मुलीला डोस द्यायला. इथे आधी जाऊबाईंची हकीकत सांगायला हवी.

त्यांना आधीची दोन मुलं. तिसरं नको म्हणून आशाताईंकडून माला-एन घेत होत्या. मग त्यांना टीबी झाला, सहा महिन्यांचं औषध सुरू झालं, आणि त्यातच दिवस गेले. घरात सगळ्यांनी एकच धरलं, की गोळी विसरली असेल. सासूबाई तर स्पष्ट बोलल्या, "एवढंसं लक्षात राहत नाही का?" जाऊबाई रडून सांगायच्या, एकही चुकवली नाही. देवाच्या फोटोमागे पाकीट ठेवायच्या, संध्याकाळी दिवा लावला की गोळी. त्यांचं कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. मला वाटलं, एखादी राहिली असेल आणि आता कबूल करायला लाजत असतील.

डोस देऊन झाल्यावर कुटुंब नियोजनाच्या टेबलावर एक वयस्क सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी जाऊबाईंना जवळ बोलावलं आणि पुढे काय करायचं ते विचारू लागल्या. जाऊबाई म्हणाल्या, "गोळ्या नकोत. गोळ्यांवर असतानाच ही राहिली." सिस्टरनी पेन खाली ठेवलं. विसरलात का, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "तेव्हा दुसरं कुठलं औषध चालू होतं?"

"टीबीचं."

"लघवी लाल-नारिंगी व्हायची?"

"हो."

"मग तुमची काही चूक नाही, ताई."

त्या औषधात रिफॅम्पिसिन असतं, त्यानंच लघवीला तो रंग येतो. सिस्टरनी सांगितलं, या औषधामुळे यकृताचं काम इतकं वेगात चालतं की गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन काम करायच्या आधीच शरीरातून निघून जातं. गोळी रोज घेतली तरी रक्तात पुरेशी राहत नाही. फिटच्या काही औषधांचंही तसंच आहे. साध्या सर्दी-तापाच्या अँटिबायोटिक्सचं मात्र तसं नाही, ती भीती उगाच घेतात लोक. टीबीचं औषध चालू करणाऱ्यानं विचारायला हवं होतं, गोळी देणाऱ्यानं विचारायला हवं होतं. दोघांनीही विचारलं नाही, आणि वर्षभर बोल जाऊबाईंनी ऐकले.

जाऊबाई त्या बाकावर बसून पदर डोळ्यांना लावून रडल्या. मुलीला छातीशी धरून. मी त्यांचा हात धरला, पण मला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं, आणि सिस्टर असं म्हणाल्या याला साक्ष मी दिली. तेवढं तरी माझ्या हातून झालं.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं काय चाललंय?"

मी सांगितलं. त्यांनी आधी दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. सहा वर्षांत गोळीच्या संदर्भात कुणी माझं बीपी पहिल्यांदा मोजलं ते त्या दिवशी. मग त्यांनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली, दोन थरांची, फिरवायची. कडेला आजारांची नावं, आणि चकती फिरवली की खिडकीत आकडा दिसतो, १ ते ४. १ म्हणजे खुशाल घ्या, ४ म्हणजे मुळीच नको. सिगारेट-तंबाखू? नाही. पायाच्या शिरेत कधी गाठ? नाही. कावीळ? नाही. छातीत गाठ? नाही. मग म्हणाल्या, "डोकं दुखतं?"

"पित्ताचं दुखतं कधीमधी."

कुणी दुसरं असतं तर इथं पुढे गेलं असतं. सिस्टर थांबल्या. "पित्ताचं म्हणजे कसं? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं? नागमोडी, काजव्यासारखं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत ती रेघ मी कुणालाही सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी बोटानं हवेत तिचा आकार काढून दाखवला. सिस्टरनी चकती माझ्याकडे फिरवली. खिडकीत ४.

आतल्या डॉक्टरांनी मग नीट समजावलं. त्याला अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन म्हणतात, आणि आधी अशी रेघ दिसते ती वेगळ्या प्रकारची अर्धशिशी. या बायकांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा आधीच जरा जास्त असतो. इस्ट्रोजेन रक्त गोठवणारी द्रव्यं वाढवतं. दोन्ही एकत्र नकोत. "धोका तसा लहान आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्या वयात झटका मुळातच क्वचित येतो. पण टाळता येतो तो का घ्यायचा?" हेही सांगितलं की सगळ्यांसाठी ही गोळी वाईट नाही. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते, माला-डीसारख्या गोळीवर ५ ते ७ जणींना, आणि गरोदरपणात-बाळंतपणात त्याहून जास्त. मी हळूच विचारलं, पीसीओडीसाठी मला दिली होती ती कोणती असेल? फोनमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो होता. त्यात साइप्रोटेरोन होतं, माला-डीतल्या गोळीहून गुठळीचा धोका दीडपट ते दुप्पट असलेलं. फोड आणि लव यांच्यासाठी ते चांगलं औषध आहे. पण आठ महिने मी ते घेतलं, आणि त्या काळात ती रेघ मला निदान दोनदा तरी दिसली होती.

मी बाहेर येऊन पाणी प्यायले. काही झालं नव्हतं मला, तरी पाय थरथरत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. सरकारी योजनेत छाया नावाची गोळी आहे, लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, आपल्या देशाची. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. मला ती ऐकताक्षणी आवडली, पण पीसीओडी असेल तर ती देत नाहीत. अंतरा नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, पण थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, आणि आम्हाला वर्ष-दीड वर्षात मूल हवं होतं. तांबी बसवता आली असती, पण नुसत्या तांबीनं अस्तराचा प्रश्न सुटत नव्हता. शेवटी फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी ठरली, डेसोजेस्ट्रेल. ती बाहेरून विकत घ्यावी लागली. तिला सुट्टीचे दिवस नाहीत, २८ च्या २८ गोळ्या हार्मोनच्या. रोज ठरल्या वेळी, १२ तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही. "मध्येच डाग लागतील, कधी महिनाभर काहीच येणार नाही. घाबरून बंद करू नका, आधी इथे या." डाग लागले, आणि मी बंद केली नाही. काय होणार ते आधी ठाऊक असलं की माणूस किती वेगळं वागतं, ते मला १९ व्या वर्षीची ती रात्र आठवून कळलं.

निघताना सिस्टरनी माझ्याजवळच्या उरलेल्या माला-डीच्या पाकिटावर बोट ठेवून एक गोष्ट दाखवली, "तुम्हाला आता नको, पण चार जणींना सांगा." बायका विचारतात, गोळी चुकली तर काय. त्या म्हणाल्या, कुठली चुकली ते बघायचं. लोहाची चुकली तर काही बिघडत नाही. मधली एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवेल तेव्हा एक घेऊन पुढे चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध वापरायचा. तिसऱ्या आठवड्यात तसं झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून सरळ नवं पाकीट. पण सगळ्यांत वाईट चूक म्हणजे नवं पाकीट उशिरा सुरू करणं. कारण त्या सात दिवसांत टाकी रिकामी होत आलेली असते, अंडाशय जागं व्हायला लागलेलं असतं. त्याला पुन्हा झोपवायला सलग सात गोळ्या लागतात. माहेरी गेले, पाकीट संपलं, मेडिकल बंद होतं, दोन दिवसांनी सुरू करते, असं म्हणणाऱ्या बायकाच जास्त करून फसतात. अगदी काटेकोर घेतली तर वर्षात हजारात तिघींना दिवस जातात, आणि बायका प्रत्यक्षात घेतात तशी घेतली तर शंभरात सात जणींना. हा एवढा फरक चुकणाऱ्या गोळ्यांचा आहे, आणि ज्या बाईला चुकली तर काय करायचं हेच सांगितलेलं नाही तिला त्याचा दोष कसा द्यायचा?

त्या पाकिटातल्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या कागदाबद्दल मी पुढे वाचलं. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या गोळीत हार्मोनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं, गुठळ्या होऊन बायका दगावल्या. १९७० मध्ये तिथल्या सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली. साक्षीला तज्ज्ञ होते, गोळी घेणारी एकही बाई नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुण मुली उभ्या राहून ओरडू लागल्या, आम्हाला का विचारत नाही, आम्हाला का सांगितलं नाही. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात पेशंटसाठी माहितीचा कागद घालायचा नियम झाला. मैत्रिणीनं माझ्या टेबलावर उलगडला त्या कागदाची सुरुवात अशी झालेली आहे. फक्त माझ्यापर्यंत तो पोचला तेव्हा माझ्या भाषेत नव्हता.

मुलगा २०२१ मध्ये झाला. बाळंतपणातच, ४८ तासांच्या आत, मला विचारून, सही घेऊन तांबी बसवली. पाळीसाठी डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघतात. रेघ अजून येते, वर्षातून एक-दोनदा.

गेल्या दिवाळीत ताईचा फोन आला. भाची १७ ची झालीय, तिला तेच, पीसीओडी. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिलीय. "तुला माहीतच आहे कुठली ती," ताई म्हणाली, "पण तिला काही बोलू नकोस हं." मी म्हटलं, "ताई, मी उद्या येतेय, आणि मी तिला सांगणार आहे. तू बस आमच्याबरोबर." ताई रागावली. पण दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आमच्याजवळ येऊन बसली.

मी भाचीला सगळं सांगितलं, टाकी आणि बॉलसकट. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, मग ती येते ती खरी पाळी नसेल तर सात दिवस थांबायचंच कशाला?"

हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता, सिस्टरना विचारायचं सुचलं नव्हतं. उत्तर नंतर मिळालं. ज्यांनी गोळी बनवली त्यांना वाटलं, दर महिन्याला रक्त दिसलं की बायकांना ती नैसर्गिक वाटेल, धीर येईल. शरीराला त्या सात दिवसांची गरज नसते. डॉक्टरांना विचारून दोन-तीन पाकिटं सलग घेणाऱ्याही असतात.

"तुला डोळ्यांपुढे कधी काही चमकतं?" मी विचारलं. "डोकं दुखायच्या आधी?"

"नाही." मग थोडं थांबून, "पण आईला चमकतं. आई म्हणते, पित्त आहे."

ताईनं कप खाली ठेवला.